उशिरा आलेला धर्मबाप

कोक्किनिया, पिरेअस
१४ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. फिलिओस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा ऑलिव्हचा डबा आणि साबणाच्या वड्या खलाशाकडून सुखरूप पोचल्या. स्मिर्नाला आईच्या कपाटाला जो वास यायचा, तोच या साबणाला अजून येतो. अर्ध्या वड्या एव्हान्थियाला दिल्या. रागावू नकोस, माझे सदरे तीच धुते.

बातमी अशी की तुझा भाऊ आता रिकामटेकडा झाला. गेल्या रविवारी आमच्या मेलिस संघाने मला रीतसर निरोप दिला. अध्यक्षांनी भाषणात मला ग्रीक फुटबॉलचा पूर्वज म्हटलं. जिवंत माणसाला पूर्वज म्हणतात हे मी प्रथमच ऐकलं. मग चांदीचं ताट दिलं. एव्हान्थिया पहिल्या रांगेत बसली होती. तिने शेजारणीला, पण अध्यक्षांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ताट देण्यापेक्षा वर्षभर त्यात वाढायला काही दिलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसले, अध्यक्षही हसले, कारण दुसरं करणार काय.

माझ्या जागी प्रशिक्षक म्हणून एक हंगेरियन आलाय. खडू आणि फळा घेऊन शिकवतो. पोरं फळ्याकडे बघत बसतात आणि चेंडू पायाखालून निघून जातो. पण माणूस वाईट नाही. निरोपाच्या दिवशी मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, कोणत्या पोराला ओरडून सांगायचं आणि कोणत्या पोराला हळू. हा प्रश्न अध्यक्षांनी मला कधी विचारला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं आणि माझी शिट्टी त्याला देऊन टाकली.

सगळे गेल्यावर मी मैदानात थोडा वेळ उभा राहिलो. तुला आठवतं का गं, निर्वासित म्हणून आलो तेव्हा इथे नुसते दगड होते? एका टोकाला तंबू, दुसऱ्या टोकाला वाळत घातलेले कपडे, आणि मधे आम्ही दगड वेचतोय. स्मिर्नाच्या ओढ्याचं नाव संघाला दिलं, पण जर्सीला पैसे कुठले? तू पिठाच्या गोण्यांचे सदरे शिवलेस आणि ईस्टरची अंडी रंगवतात तसे कांद्याच्या सालीत रंगवलेस. पहिल्याच सामन्यात घाम आला आणि अकराच्या अकरा माणसं मानेपासून कमरेपर्यंत तांबडी झाली. समोरच्या संघाला वाटलं आम्हाला काही रोग आहे. कुणी जवळ येईना, तेवढ्यात मी दोन गोल मारले.

आणि तो चेंडू. बावीस साली तुर्क शिरल्यावर स्मिर्ना जळत असताना धक्क्यावर लोक देवाच्या तसबिरी छातीशी धरून उभे होते आणि माझ्या सदऱ्यात हवा काढलेला चेंडू. आई म्हणाली होती की लोकांनी देव वाचवले, माझ्या लेकाने बकऱ्याचं कातडं वाचवलं. ती त्यानंतर हसलेली मला आठवत नाही. क्वारंटाइनच्या बेटावर ती वारली तेव्हाही चेंडू माझ्या उशाशीच होता.

असो. म्हातारा झाला की माणूस मागेच बघतो. एव्हान्थियाने त्या दिवशी जिरं घालून मांसाचे गोळे केले होते, अगदी स्मिर्नासारखे. तिची लेक स्मारो, जावई आणि नातू सगळे होते. तुझ्या नवऱ्याला, स्त्रातिसला, माझा नमस्कार सांग.

ऑलिव्हसारखी माया मुरत राहू दे.
तुझा
आनेस्तिस


मितिलिनी
३० ऑक्टोबर १९५७

ती. दादास,
फिलिओचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तेलघाण्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. पूर्वज या शब्दावर बायका इतक्या हसल्या की एकीने ऑलिव्हची टोपली सांडली. स्त्रातिस म्हणतो की आयुष्यभर लोकांना पळवून पळवून मिळालं काय, तर ताट. त्याचं मनावर घेऊ नकोस. ज्याला बसल्या जागेवरून मीठ घेता येत नाही त्याने फुटबॉलवर बोलू नये, हे मी त्याला सांगितलं आहे.

माझं ऐक आणि आता इकडेच ये. वरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. खिडकीतून समोर तुर्कस्तानातला आपला जुना किनारा दिसतो. हवा स्वच्छ असली की मी सकाळी तिथे कॉफी घेऊन बसते. कप रिकामा झाला तरी उठत नाही. इथल्या शाळेचा एक संघ आहे. सगळी पोरं चेंडूच्या मागे एकाच वेळी धावतात. त्यांना तुझी फार गरज आहे.

आता एक विचारते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात संघापेक्षा एव्हान्थियाचंच नाव जास्त आहे. सदरे तिने धुतले, बोलली ती, गोळे तिने केले. मला काय दुधखुळी समजतोस? मला सगळं आठवतं दादा. तंबूत होतो तेव्हा ती पाण्याच्या रांगेत आपल्यापुढे उभी असायची आणि तू आपली बादली भरलेली असतानाही पुन्हा रांगेत उभा राहायचास. पण धाकटी बहीण बिनलग्नाची असताना भावाने बोहल्यावर चढायचं नाही, ही आपली रीत. माझ्या हुंड्यासाठी तू दिवसा पिठाच्या गिरणीत राबायचास आणि रविवारी खेळायचास. तिची आत्या थांबायला तयार नव्हती. तिने पोरीला थ्रासोसला देऊन टाकलं. थ्रासोस सोन्यासारखा माणूस, तुमचा गोलकीपर, तुझा जिवलग. कुणाला नावं ठेवणार?

पण आता थ्रासोसला जाऊन पंधरा वर्षं झाली, माझी तर नातवंडं शाळेत जातात, आणि तुझ्या संघानेही तुला मोकळं केलं. तेव्हा मनात काय आहे ते सरळ लिही. मैदानावर तू उजव्या बाजूने जायचास आणि डावीकडे बघायचास, ती सवय पत्रात नको.

भावाने बहिणीवर जीव लावावा आणि बहिणीने त्याचे कान धरावेत, हे असंच चालू राहो.
तुझी
फिलिओ


कोक्किनिया
२० नोव्हेंबर १९५७

चि. सौ. फिलिओस,
आशीर्वाद.

तू लहानपणापासून पंचाच्या आधी शिट्टी वाजवतेस. बरोबर ओळखलंस. पण ओळखून आता उपयोग नाही.

निरोपाच्या नंतरच्या रविवारी एव्हान्थिया पालक निवडत बसली होती. युद्ध संपल्यापासून मी दर रविवारी दुपारी तिच्याकडे जेवतो, हे तुला माहीतच आहे. मी तिला म्हटलं की एव्हान्थिया, आता सामने नाहीत, रविवारखेरीज बाकीचे दिवसही रिकामे आहेत, ते एकत्र घालवले तर कसं? तिने निवडणं चालूच ठेवलं. जुडी निवडून झाली, दुसरी घेतली. मग म्हणाली की आधी पॅंटचं बटण लावून घे, तुटक्या बटणाच्या माणसाशी कोण लग्न करणार. मला वाटलं, बुखारेस्टला राष्ट्रीय संघातून खेळलो तेव्हासुद्धा छाती अशी धडधडली नव्हती. तिथे तर आम्ही गोल खाऊन परत आलो. किती ते विचारू नकोस.

बटण लावलं आणि दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की स्मारोचा धर्मबाप कोण? मी म्हटलं मी. ते म्हणाले, मग विषय संपला. मुलाचा धर्मबाप आणि मुलाची आई हे नातं रक्तापेक्षा जवळचं. चर्चच्या नियमात असं लग्न बसत नाही, कधीच बसलेलं नाही. शिवाय लोक बोलतात, तेव्हा रविवारचं जेवणही आता बंद केलेलं बरं, असंही ते म्हणाले.

एव्हान्थियाला सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली. धर्माच्या बाबतीत ती किती कडक आहे तुला ठाऊक आहे. पाद्रीबाबांच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही. त्यामुळे आता रविवारही गेले, फिलिओ. मागणी घालायला गेलो आणि होतं ते जेवणही घालवून बसलो. गेले चार रविवार मी खानावळीत बसून सूप पितो.

संघातल्या खेळाडूंच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप कर्णधारानेच व्हायचं, ही आमची तेव्हाची रीत. मी कित्येकांचा झालो. पण त्यात स्मारोच्या वेळचीच रीत माझ्यावर अशी उलटावी? तिच्या बाप्तिस्म्याला मी वेळेवरसुद्धा पोचलो नव्हतो! गोदीवाल्यांशी सामना, चेंडूची रबरी पिशवी फुटली, दुसरी आणायला कुणी तरी बंदरापर्यंत धावत गेलं. पंच सामना सोडायला तयार नाही. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली आणि थ्रासोसने ती अडवली. तसाच, चिखलाच्या बुटांनी, आम्ही दोघं लाकडी शेडमधल्या त्या चर्चकडे धावलो. बाळाचा बाप गोलकीपर आणि धर्मबाप कर्णधार, दोघांचाही पत्ता नाही! तू बाळ माझ्या हातात दिलंस. ते तेलाने इतकं माखलेलं की निसटता निसटता राहिलं. थ्रासोस म्हणाला की गोलकीपरची पोर आहे, चेंडूसारखी निसटणारच. तिकडे एव्हान्थिया रीतीप्रमाणे घरी वाट बघत बसलेली, आणि गल्लीतली पोरं नाव सांगायला तिच्याकडे ओरडत पळाली. तू आपल्या आईचं नाव ठेवलंस, स्मारग्दा. मी तिथेच रडलो. चिखल होता म्हणून कुणाला कळलं नाही.

फुटबॉलने मला सगळं दिलं. जे दिलं नाही त्याचं आता काय करायचं? हा विषय पुन्हा काढू नकोस, एवढं ऐक.

तुझ्या घरावर देवाची सावली असो.
आनेस्तिस


मितिलिनी
८ डिसेंबर १९५७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालास विषय काढू नकोस. काढते.

तुझं पत्र मी जेवताना स्त्रातिसला वाचून दाखवत होते. बाप्तिस्म्याचं वाचलं तेव्हा स्त्रातिसने काटा खाली ठेवला. सबंध आयुष्यात ज्याने फुटबॉलबद्दल एक शहाणा शब्द काढला नाही, त्याने मला विचारलं की आनेस्तिस उशिरा पोचला तर मग पोरीला पाण्यातून बाहेर घेतलं कुणी?

मी म्हटलं मी. आणि चमचा तसाच हातात धरून बसले.

दादा, काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाद्री गॅव्ह्रिइलना त्या दिवशी नंतर कुणाच्या तरी दफनाला जायचं होतं. ते म्हणाले की जिवंतांसाठी मेलेल्यांना ताटकळत ठेवणार नाही, धर्मबाप नसेल तर दुसरं कुणी पुढे या. एव्हान्थियाची सासू रडायला लागली. मग मी पुढे झाले. पश्चिमेकडे वळून सैतानावर थुंकले मी. श्रद्धेची प्रार्थना म्हटली मी, मधे एका जागी अडखळले, सासूने ओठ हलवून आठवण करून दिली. बाळाला तेल मी लावलं, नाव मी सांगितलं, आणि पांढऱ्या चादरीत पाण्यातून घेतलं तेही मी. तू आलास तेव्हा नुसतं शेवटचं गाणं उरलं होतं. तू दारात दिसलास आणि आम्ही सगळे ओरडलो की धर्मबाप आला. त्या क्षणापासून तू धर्मबाप! तू पोरीला धर्मबापाच्या रीतीने ईस्टरच्या मेणबत्त्या द्यायला लागलास, पुढच्याच वर्षी मी लग्न होऊन जहाजात बसले, आणि पुन्हा या गोष्टीचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही.

एव्हान्थिया घरी होती, थ्रासोस तुझ्याबरोबर मैदानात. सासूबाई गेल्या, पाद्री गॅव्ह्रिइल गेले, आणि चर्चचं रजिस्टर युद्धात बंदरावर बॉम्ब पडले तेव्हा चर्चबरोबर जळलं. उरले मी. आणि स्त्रातिसने हे देखील विचारून घेतलं की धर्मआईच्या भावाला काही मनाई असते का. इथले पाद्री म्हणाले, अजिबात नाही.

तेव्हा उठ आणि बिशपकडे जा. मी इथल्या बिशपांसमोर शपथेवर सगळं सांगायला तयार आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. तुझा तर गुडघाही मोडका, तरी बांध.

आधी स्मारोला मात्र सांग. तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नकोस.

खानावळीचं सूप बंद होवो, हीच देवाजवळ प्रार्थना.
तुझी
फिलिओ


कोक्किनिया
१९ जानेवारी १९५८

ती. फिलिओआत्यांस,
स्मारोचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी आजवर नाताळच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे पत्र बघून आश्चर्य वाटेल. राग आल्यामुळे लिहिते आहे. कुणावर ते मलाही नीट माहीत नाही.

आईने मला लग्नाचं आणि तुमच्या पत्रातलं सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरचं मेणकापड पुसलेलं असताना पुन्हा पुसत होती. लग्नाच्या वयाच्या पोरीसारखी लाजत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी येऊन शिवणाच्या मशीनवर बसले आणि रडू आलं.

माझ्या धर्मबापांना मी नुनो म्हणते. बोलायला लागले तेव्हा बाबा, आई आणि नुनो हे तीनच शब्द येत होते म्हणे. दर ईस्टरला त्यांनी मला मेणबत्ती दिली आहे, रीतीप्रमाणे नवे बूटही दिले आहेत. लग्न झाल्यावर धर्मबाप देणं बंद करतात. नुनोने बंद केलं नाही.

जर्मनांच्या ताब्यात असतानाच्या उपासमारीच्या त्या हिवाळ्याचं तुम्हाला सांगते, कारण तुम्ही बेटावर होतात. नुनो संघाला घेऊन गावोगाव जायचे. पोरांच्या अंगात धावायची ताकद नव्हती, तरी एका घमेल्यातल्या घेवड्याच्या सुपासाठी सामने खेळायचे. त्यातलं आपल्या वाट्याचं नुनो आमच्याकडे आणायचे. बाबा खायचे नाहीत, मला द्यायचे. त्या फेब्रुवारीत बाबा गेले. त्यानंतर ईस्टर आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि अनवाणी होते. नुनो आले. बोटाएवढी मेणबत्ती आणि एक जोड चपला. तळ टायरचे होते. वरचे पट्टे जुन्या कातड्याचे, त्यावर लेस ओवायची भोकं होती. मी विचारलं हे कातडं कुठलं. आई हळूच म्हणाली की विचारू नकोस, तो स्मिर्नाचा चेंडू आहे.

आता तुम्ही सांगा आत्या, की तो माणूस माझा कुणीच नव्हता? सामन्याला उशीर झालेला एक परका माणूस होता? बाबा गेले तेव्हा मला वाटलं होतं की एक तरी उरला. आता चर्चमध्ये जाऊन लिहून द्यायचं की तोही नव्हताच. आणि नुनो तर काल येऊन म्हणाले की मी नको म्हटलं तर ते बिशपकडे एक पाऊलही टाकणार नाहीत. मग टोपी हातात फिरवत बसले. हे ओझं माझ्याच डोक्यावर का?

माझं बोलणं उद्धट झालं असेल तर माफ करा.
आपली
स्मारो


मितिलिनी
४ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. स्मारोस,
अनेक आशीर्वाद.

उद्धट अजिबात झालं नाही. त्या चपलांचं मला माहीत नव्हतं. दादाने मला एका ओळीत लिहिलं होतं की चेंडू युद्धात हरवला. पत्र वाचून मी वरच्या खोलीत जाऊन बसले. स्त्रातिसने दोनदा हाक मारली तरी खाली आले नाही. आईने तुझ्या नुनोची चेष्टा केली होती की याने बकऱ्याचं कातडं वाचवलं. तिच्या नावाच्या पोरीच्या पायात ते गेलं, हे तिला कुणी तरी सांगायला हवं होतं.

तुझं ओझं मी उचलू शकत नाही. पण मला जे खरं वाटतं ते सांगते. तुला पाण्यातून मी बाहेर घेतलं हे खरं. त्याला लागला असेल एखादं स्तोत्र म्हणण्याएवढा वेळ. मग मी लग्न करून निघून आले आणि तुला साबण पाठवत राहिले. बाकीचं सगळं त्याने केलं. चर्च विचारेल की श्रद्धेची प्रार्थना कुणी म्हटली, तर मी म्हणेन मी. ते खोटं नाही. पण तुझा धर्मबाप कोण असं कुणी विचारलं तर चर्चला विचारू नकोस, आपल्या पायांना विचार.

लिहून दिल्याने झालेलं पुसलं जात नाही, पोरी. आमची स्मिर्नाची घरं कागदावर कधीच दुसऱ्यांची झाली. मला अजून स्वप्नात आमच्याच जिन्यावरून जाता येतं.

एक कर. येत्या रविवारी जेवणाच्या वेळेला न सांगता आईकडे जा. ताटं किती मांडते ते बघ. मग तुला जे वाटेल ते कर. मी तुझ्याच बाजूची आहे, तू काहीही ठरवलंस तरी.

साबण संपला की कळव.
तुझी
फिलिओआत्या


कोक्किनिया
२० मार्च १९५८

चि. सौ. फिलिओस,
आशीर्वाद.

एका रविवारी खानावळीकडे निघालो होतो तर जिन्यात स्मारो उभी. डोळे लाल होते. मला वाटलं झालं, संपलं. ती म्हणाली की आई दोन ताटं मांडते, एकात जेवते आणि दुसरं तसंच धुते, आणि हे तिने किती दिवस करायचं? मग म्हणाली, चला, जेवण गार होतंय. दुसरं काही नाही. मी तिच्या मागे चालत गेलो. पाद्रीबाबा वाटेत भेटले. स्मारोने त्यांना सांगितलं की आज मी मधे बसणार आहे, काळजी नसावी.

मग बिशपकडे गेलो. तुझी शपथेवरची साक्ष मितिलिनीहून आधीच पोचली होती. ऐकलं की तिथल्या बिशपांनी खात्रीसाठी तुला श्रद्धेची प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली आणि तू बरोबर त्याच जागी अडखळलीस. इकडचे बिशप म्हणाले की खोटी साक्ष देणारी बाई तेवढ्यात पाठ करून आली असती.

त्यांनी मला विचारलं की बाप्तिस्मा चालू असताना तू कुठे होतास? मी म्हटलं, महाराज, मैदानात चेंडूची वाट बघत होतो. त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग विचारलं, सामना जिंकलात का? मी म्हटलं एकशून्य. त्यांनी परवानगी दिली. ईस्टरनंतरच्या रविवारी लग्न.

पण एक कागद पुढे केला. मी स्मारग्दाचा धर्मबाप नाही आणि कधी नव्हतो, असं त्यावर लिहिलेलं. ते म्हणाले की यापुढे ईस्टरची मेणबत्ती वगैरे देऊ नकोस, लोकांत घोटाळा होतो, एका मुलाला एकच धर्मपालक. फिलिओ, गुडघा मोडला तेव्हा डॉक्टरने सांगितलं होतं की पुन्हा खेळायचं नाही. तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. इथे भांडायला काही जागाच नव्हती. मी सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसलो. एव्हान्थियाला कळलं, ती येऊन शेजारी बसली.

लग्नाला तुला यायचंच आहे. रीतीप्रमाणे आमच्या डोक्यावरच्या लग्नमुकुटांची अदलाबदल तूच करायचीस. जहाजाची भीती वाटते हे मला माहीत आहे. मी धक्क्यावर उभा असेन.

म्हाताऱ्या नवरदेवावर बहिणीचा लोभ असाच राहू दे.
आनेस्तिस


कोक्किनिया
१४ एप्रिल १९५८, ईस्टरचा सोमवार

प्रिय नुना,
स्मारोचा नमस्कार.

हे असं लिहायचं म्हणून पत्राचे दोन कागद फुकट गेले. आणि धर्मआईला कुणी तुम्ही म्हणत नाही, म्हणून तूच म्हणते.

तुझी मेणबत्ती गुरुवारी खलाशाने आणून दिली. पांढरी, उंच, निळी रिबीन बांधलेली. बत्तीस वर्षांत तुझ्याकडून पहिली. मुलाने विचारलं ही कुणाची. मी म्हटलं, जिने मला पाण्यातून बाहेर काढलं तिची. आता तो सगळ्यांना सांगतो की आई एकदा बुडत होती.

त्या दिवशी मी कांद्याच्या सालीत अंडी रंगवली. आईने तुझ्या त्या जर्सींची गोष्ट सांगितली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खूप हसते हल्ली. गल्लीतल्या बायका म्हणतात साठी बुद्धी नाठी. आई म्हणते की साठीला अजून अवकाश आहे.

शनिवारी दुपारी नुनो आले. मी त्यांना काय म्हणायचं हे आठवडाभर ठरवत होते. बाबा म्हणता येणार नाही, तो शब्द एकाच माणसाचा आहे. आनेस्तिसकाका म्हणून बघितलं, तर माझा मुलगाच हसला. ते दारात उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे, कुणाची तरी खिडकी फोडून आलेल्या पोरासारखे. म्हणाले की मी काही मुद्दाम केलं नाही. दुकानात सांगायला गेलो होतो की यंदापासून मेणबत्ती नको, तर दुकानदाराने दरवर्षीची म्हणून आधीच बांधून ठेवली होती. बिचाऱ्याचं नुकसान कसं करायचं? मग हात पुढे केला.

मी म्हटलं, नुनो, आत या, गार वारं येतंय. तोंडातून तेच आलं. बिशपांनी काय लिहून घेतलं ते त्यांच्यापाशी राहो. रात्री चर्चमध्ये मी दोन्ही हातांत दोन मेणबत्त्या धरल्या. पाद्रीबाबांनी डोळे वटारले, मग तेलाचा दिवा पुढे करून दोन्ही पेटवून दिल्या. ख्रिस्त उठला असं सगळे म्हणायला लागले, तेव्हा, आनेस्तिस नावाचा अर्थच उठलेला, नुनोंच्या नावाचाच तो दिवस म्हणून जुने खेळाडू त्यांच्याभोवती गोळा झाले. तो हंगेरियनही आला होता. त्याने नुनोंना शिट्टी परत दिली. म्हणाला की फळ्याने भागत नाही, मंगळवारपासून संध्याकाळी मैदानावर या. नुनोंनी ती लगेच वाजवली, चर्चच्या अंगणातच.

तुझं पत्र पोचलं, शुक्रवारच्या जहाजाने येतेस हे वाचून आईने घर दोनदा झाडलं. स्त्रातिसकाकांना सांग की पहिला मान त्यांचा. बसल्या जागी मीठ हातात देईन.

एकच काळजी आहे. नुनो मैदानावर गेले की वेळेचं भान राहत नाही, हे तुला माहीत आहे. आणि मंगळवारपासून ते रोज जाणार. म्हणून मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं की त्यांना लग्नाची वेळ तासभर आधीची सांगायची. आईला हे कळलं तेव्हा ती आमच्यावर रागावली. म्हणाली, खरी वेळ सांगा आणि त्याला येऊ दे त्याच्या वेळेने. तो तुझ्या बाप्तिस्म्याला वेळेवर पोचला असता तर आज मी कुणाची वाट बघितली असती?

धक्क्यावर आम्ही सगळे असू. लवकर ये.
तुझी धर्मलेक
स्मारो